डीकी ॲम्पची नक्कल: सर्किट बरोबर असूनही आवाज का जुळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या ‘डीकी’ ॲम्पचं सर्किट तुम्हाला मिळालं. जर्मेनियम ट्रान्झिस्टर सापडले नाहीत म्हणून चारही जागी सिलिकॉनचे बीसी ५५७ घातले. दोन्ही ट्रान्सफॉर्मर ऑनलाइन मिळणारे १ के ते ८ ओमचे, पेरूच्या बीएवढे. वीज छोट्या चौकोनी ९ व्होल्ट बॅटरीची आणि स्पीकर गाडीतला चार इंची. ॲम्प चालतो, पण हळू वाजवलं की खरखर येते, जोरात वाजवलं की खरखर कमी होते पण आवाज पातळ आणि दबका राहतो. सर्किटच चुकीचं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

सर्किट चुकीचं नाही. सर्किटच्या कागदावर या ॲम्पमधली निम्मी माहिती येतच नाही, अडचण तिथे आहे. रेझिस्टर-कपॅसिटर कागदावर पूर्ण उतरतात. ट्रान्झिस्टर अर्धेमुर्धे उतरतात. ट्रान्सफॉर्मर मात्र दोन वेटोळी आणि मध्ये लोखंडी गाभ्याच्या दोन रेघा एवढेच दिसतात, आणि या यंत्राचा आवाज मुख्यतः त्या दोन रेघांत आहे.

आधी हे यंत्र काय आहे ते नीट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नक्कल कशाची करायची ते कळेल. जॉन डीकन, क्वीनचा बास वाजवणारा, लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. घरी सरावाला होईल म्हणून त्याने तो एका जुन्या बुकशेल्फ स्पीकरच्या पेटीत बसवला. त्याला ना व्हॉल्यूम, ना टोन. ९ व्होल्टची मोठी बॅटरी लावली की चालू. पुढे ब्रायन मेने त्यात आपली गिटार घातली आणि ते सरावाचं डबडं स्टुडिओत गेलं. १९७५ च्या ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’मधलं ‘गुड कंपनी’ ऐका. त्यात जो जुन्या जॅझचा बँड वाजतो, क्लॅरिनेट-ट्रॉम्बोनसारखा, ती सगळी मेची गिटार आहे, या ॲम्पमधून थरावर थर देऊन रेकॉर्ड केलेली. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा आवाज लोकांच्या लक्षात राहतो, पण त्याच रेकॉर्डवर कचऱ्यातला एक रेडिओचा बोर्डही वाजतोय हे फार थोड्यांना माहीत असतं.

हो, रेडिओचा. बरीच वर्षं तो बोर्ड कशातला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नंतर ओळख पटली की तो सुपरसॉनिक कंपनीच्या पीआर ८० या पोर्टेबल रेडिओतला आहे. ऑस्ट्रेलियातले गिटार बनवणारे ग्रेग फ्रायर आणि इंग्लंडचे नायजेल नाइट यांनी मूळ यंत्र उघडून त्याचा खोलवर अभ्यास केला, आणि २०१० च्या सुमारास नाइट यांच्या कंपनीने अधिकृत नक्कल बाजारात आणली. जाणत्या माणसांच्या हातात मूळ यंत्र होतं, तरी कामाला वर्षं लागली. तुमचं एका रविवारात जुळलं नाही, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता तुमच्या खरखरीकडे येऊ. हिचं निदान सोपं आहे. शेवटच्या टप्प्यात दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात, एक लाटेचा वरचा भाग उचलतो, दुसरा खालचा. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बेसवर, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या टोकावर, ०.१५ ते ०.२ व्होल्ट मिळाले की जागा होतो. सिलिकॉनला ०.६ च्या आसपास लागतात. सर्किटातले बायसचे, म्हणजे सिग्नल नसताना बेसला थोडं व्होल्टेज देणारे, रेझिस्टर जर्मेनियमच्या हिशोबाने ठेवलेले आहेत, त्यामुळे तुमचे बीसी ५५७ शांत अवस्थेत पूर्ण झोपलेले असतात. छोटा सिग्नल आला की एकाने सोडलं आणि दुसऱ्याने अजून धरलं नाही, अशी मधली पोकळी पडते. त्या पोकळीचा आवाज म्हणजे तुमची खरखर. सिग्नल मोठा झाला की पोकळी प्रमाणात लहान दिसते, म्हणून जोरात वाजवल्यावर ती झाकली जाते. बायस वाढवून सिलिकॉनही शांत करता येईल. पण बीसी ५५७ हा १०० मिलिअँपिअरचा ट्रान्झिस्टर आहे आणि या जागी त्याहून दुपटीपेक्षा जास्त प्रवाह लागतो, तेव्हा तो तसाही चालणार नाही.

पातळ आवाजाचं कारण ट्रान्सफॉर्मर. हिशोब करून बघा. १ के म्हणजे एका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपासून (प्रवाहाच्या टोकापासून) दुसऱ्याच्या कलेक्टरपर्यंत १००० ओम. एका वेळी अर्धंच वाइंडिंग काम करतं, आणि इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) टर्नच्या, म्हणजे वेढ्यांच्या, वर्गाने बदलतो, म्हणून एका ट्रान्झिस्टरला दिसतात २५० ओम. ९ व्होल्टपैकी साधारण ८ व्होल्टचा झोका मिळतो असं धरा. ८ चा वर्ग ६४, भागिले २५० ची दुप्पट म्हणजे ५००. उत्तर ०.१२८ वॅट. तुम्ही कितीही जोरात वाजवा, याच्या वर जाणारच नाही. एक वॅट हवा असेल तर एका अर्ध्याला ३२ ओम दिसायला हवेत, म्हणजे कलेक्टर ते कलेक्टर १२८ ओम. ८ ओमच्या स्पीकरसाठी पूर्ण प्रायमरी (ट्रान्झिस्टरकडचं वेटोळं) ते सेकंडरी (स्पीकरकडचं) टर्नचं प्रमाण ४ ला १, म्हणजे दोन अधिक दोन, मधून टॅप (मधे काढलेली तार), आणि समोर एक. हे डीकीच्या मूळ ट्रान्सफॉर्मरचे आकडे नाहीत, हिशोब कसा करायचा ते दाखवतोय. तुमचा गाडीचा स्पीकर ४ ओमचा असेल, तर तो ८ ओमच्या जागी लावल्यावर ट्रान्झिस्टरला दिसणारा भार निम्मा होतो, हेही लक्षात ठेवा.

एक वॅट काढायचा तर प्रवाहाचा शिखर-आकडा २५० मिलिअँपिअर आणि सरासरी साधारण १६० होते. छोटी चौकोनी बॅटरी इथे दमते. मूळ यंत्रात पीपी ९ नावाची मोठी बॅटरी होती. ती आपल्याकडे शोधत बसू नका. टॉर्चचे मोठे सहा सेल एकापुढे एक लावा, ९ व्होल्ट होतात. साधे झिंक-कार्बन घ्या, अल्कलाइन नको. जोरात वाजवल्यावर सेल जो थोडा खाली बसतो, तोही या आवाजाचा भाग आहे. चार्जरचं अडॅप्टर लावायचा मोह टाळा. एकतर गुणगुण येते. दुसरं म्हणजे हे ट्रान्झिस्टर पीएनपी प्रकारचे आहेत, इथे जमीन (ग्राउंड) धनाची आहे, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली. तुमच्या इतर पेडलमध्ये जमीन ऋणाची. एकाच अडॅप्टरवर दोन्ही लावलेत, तर जॅकच्या तारेतून थेट शॉर्ट.

आता मुख्य काम, दोन ट्रान्सफॉर्मर. एक ड्रायव्हर, शेवटच्या जोडीला सिग्नल देणारा, दुसरा आउटपुट, स्पीकरला देणारा. दिसायला भाऊ-भाऊ असले तरी स्वभाव वेगळे, आणि वाइंडिंगवाला हा फरक न विचारता दोन्ही सारखेच करून देतो.

ड्रायव्हरच्या प्रायमरीतून एकाच ट्रान्झिस्टरचा प्रवाह सतत एकाच दिशेने वाहत असतो, काही मिलिअँपिअर. त्यामुळे गाभा सिग्नल येण्याआधीच थोडा भारलेला असतो. म्हणून अशा ट्रान्सफॉर्मरच्या स्टॅम्पिंगमध्ये, म्हणजे गाभ्याच्या लोखंडी पत्र्यांमध्ये, फट ठेवतात. सगळे ‘ई’ एका बाजूने, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूने, मध्ये कागद. आउटपुटमध्ये दोन्ही अर्ध्यांचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात, तिथे स्टॅम्पिंग एकाआड एक उलटसुलट भरतात. बहुतेक वाइंडिंगवाले सवयीने सगळेच उलटसुलट भरतात. ड्रायव्हरला फट हवी हे कागदावर लिहून द्या आणि घरी आणल्यावर तपासा.

इंडक्टन्स का महत्त्वाचा ते सांगतो. सिग्नलच्या बाजूचा एकूण रेझिस्टन्स समजा १ किलोओम आहे आणि प्रायमरीचा इंडक्टन्स १ हेन्री. मग १६० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे ती तार आधीच अर्ध्याहून खाली गेलेली. नवशिका म्हणेल इंडक्टन्स वाढवा, बास येऊ द्या. मी म्हणेन, हात लावू नका. हा रेडिओच्या बोलण्यासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आहे. बास पुसला जाणं, वरचं टोक वाइंडिंगच्या धारितेने गोल होणं आणि मधला भाग नाकातून आल्यासारखा पुढे येणं, यातूनच तो क्लॅरिनेट निघतो. चांगला ट्रान्सफॉर्मर घातला, तर चांगला छोटा ॲम्प मिळेल, डीकी मिळणार नाही.

गाभा भरणं म्हणजे त्याने आणखी चुंबकत्व न घेणं, त्याचाही हिशोब करता येतो. समजा गाभ्याचं क्षेत्रफळ १.५ चौरस सेंटिमीटर, चुंबकीय घनता १ टेस्ला धरली, आणि अर्ध्या प्रायमरीवर ८ व्होल्टचं शिखर म्हणजे ५.६६ व्होल्ट आरएमएस. ८२ हर्ट्झला गाभा भरू नये म्हणून साधारण १०४ टर्न लागतील. १५० हर्ट्झवर समाधान मानलंत, तर ५७ पुरतात. रेडिओवाले तांबं वाचवायला अशाच दुसऱ्या मार्गाने जायचे. जाड तारा वाजवल्यावर गाभा भरतो, वरच्या तारांवर भरत नाही. म्हणून हा ॲम्प वेगवेगळ्या तारांवर वेगळा वागतो, आणि कोणत्याही डायोडच्या पेडलने ते साधत नाही. तुम्ही वाइंडिंग करून घेणार असाल तर आकडा या दोन टोकांच्या मध्ये ठेवा, आणि जमलं तर दोन-तीन टॅप काढून घ्या. नंतर कानाने ठरवता येतं.

करून घेण्याआधी मात्र जुने मिळतात का ते बघा. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात बंगळूरला जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली, आणि घरोघरच्या ट्रान्झिस्टर रेडिओत ते गेले. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोडमागची दुरुस्तीची दुकानं, चोर बाजार, गावातला एखादा जुना रेडिओ दुरुस्त करणारा, इथे बंद पडलेले सेट अजून निघतात. सेट उघडून आवाजाच्या बाजूला लोखंडी स्टॅम्पिंगचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत का बघा. पत्र्याच्या डबीतले आयएफटी, म्हणजे रेडिओच्या सिग्नलचे ट्रान्सफॉर्मर, वेगळे, त्यांच्याशी आपलं काम नाही. एकाची तीन तारांची बाजू ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे जाते, दुसऱ्याची स्पीकरकडे. ज्या सेटमध्ये एसी १२७ आणि एसी १२८, किंवा एसी १८७ आणि १८८ अशी जोडी आहे, तो बहुधा थोडा नंतरचा. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, स्पीकर थेट चालतो. असा सेट ट्रान्झिस्टरसाठी घ्या, ट्रान्सफॉर्मरसाठी नको. आणि चालू स्थितीतला मर्फी किंवा बुश कृपा करून फोडू नका, मेलेले पुष्कळ पडलेत.

मिळालेल्या ट्रान्सफॉर्मरचं मोजमाप घरच्या साधनांनी होतं. फोनमधलं सिग्नल जनरेटरचं ॲप ४०० हर्ट्झवर लावा, कारण स्वस्त मल्टिमीटर त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्ट नीट दाखवत नाहीत. जास्त टर्नच्या बाजूला सिग्नल द्या, दुसऱ्या बाजूला मोजा, भागाकार म्हणजे टर्नचं प्रमाण. इंडक्टन्ससाठी वाइंडिंगच्या मालिकेत १ किलोओम ठेवा आणि फ्रिक्वेन्सी फिरवत जा. ज्या जागी रेझिस्टरवरचं आणि वाइंडिंगवरचं व्होल्टेज सारखं होतं, तिथे रेझिस्टन्सला ६.२८ गुणिले ती फ्रिक्वेन्सी यांनी भागा. वाइंडिंगच्या स्वतःच्या रेझिस्टन्समुळे थोडा फरक पडतो, पण आपल्याला पुरेसं आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत हेच मोजमाप प्रायमरीतून तीन-चार मिलिअँपिअर डीसी सोडून पुन्हा करा. आकडा किती घसरतो ते बघा. माझा खरा भरवसा या घसरलेल्या आकड्यावर असतो. डीसीशिवायचा आकडा कागदावर छान दिसतो आणि सर्किटात कधीच भेटत नाही.

ट्रान्झिस्टरबद्दल. आउटपुटच्या जोडीला एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर लागतील. बाजारात हे नाव छापलेले बरेच तुकडे मिळतात, त्यात सिलिकॉनवर नवं नाव छापलेलेही असतात. मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर बेस-एमिटर मोजा. ०.२ च्या आसपास आलं तर जर्मेनियम, ०.६ आलं तर दुकानात परत.

गेन (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट करतो ते) मोजताना मल्टिमीटरच्या एचएफईच्या भोकावर विश्वास ठेवू नका. जर्मेनियममधून गळती होते, आणि मीटर गळतीलाच गेन समजतो. साधी रीत अशी: एमिटर धनाला, कलेक्टर २.४७ किलोओममधून ऋणाला. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा, ही गळती. मग बेसपासून ऋणाला २.२ मेगाओम लावा आणि पुन्हा मोजा. ९ व्होल्टवर बेसमधून साधारण ४ मायक्रोअँपिअर जातात. दुसऱ्यातून पहिलं वजा करून १०० ने गुणलं की खरा गेन. तुकडा बोटांनी धरून लगेच मोजू नका. हाताच्या उबेने आकडा चढत जातो, मिनिटभर थांबा. आउटपुटच्या जोडीसाठी दोघांचे गेन एकमेकांच्या जवळ असावेत, आणि गळतीही. गेन किती मोठा यापेक्षा जुळतोय का हे महत्त्वाचं. थोडीशी विषमता मात्र मी मुद्दाम राहू देतो. पूर्ण जुळलेल्या जोडीत सम हार्मोनिक रद्द होतात आणि आवाज कोरडा वाटतो. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

उन्हाळ्याचा मुद्दा मात्र मताचा नाही. जर्मेनियमची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. इंग्लंडच्या २० अंशांच्या खोलीत जमलेला बायस आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांत चौपट गळतीला तोंड देतो. नागपूर-जळगावकडे त्याहून जास्त. गळती वाढली की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की गळती वाढते, आणि बघता बघता एसी १२८ जातो. म्हणून अशा सर्किटात बायसच्या खालच्या रेझिस्टरला समांतर एनटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा भाग) ठेवतात, तापमान वाढलं की बायस आपोआप उतरतो. तो थर्मिस्टर ट्रान्झिस्टरच्या अंगाला लावून बसवा, बोर्डच्या दुसऱ्या टोकाला नको. दोन्ही एमिटरमध्ये एक-दोन ओम ठेवा. एसी १२८ ला पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चढवा. शांत प्रवाह जोडीला मिळून पाच-सहा मिलिअँपिअरवर लावा, सकाळी लावा आणि दुपारी तीनला पुन्हा बघा. दुपारचा आकडा दुपटीहून वर गेला असेल, तर थर्मिस्टर कमी पडतोय.

जुने कपॅसिटर, कार्बन कंपोझिशनचे रेझिस्टर, त्या काळचीच वायर, यामागे लागू नका. नवा इलेक्ट्रोलिटिक लावा, कारण पन्नास वर्षांचा वाळलेला असतो. व्हॅल्यू तेवढी सर्किटाप्रमाणे ठेवा. कपलिंगच्या कपॅसिटरची व्हॅल्यू ‘बास हवा’ म्हणून वाढवलीत, तर वर ट्रान्सफॉर्मरबद्दल जे सांगितलं तेच होईल.

आणि गिटार थेट जोडू नका. मे या ॲम्पला नेहमी ट्रेबल बूस्टरमधून सिग्नल देत आला आहे. रेडिओच्या या टप्प्याचा इनपुट इम्पीडन्स काही किलोओमच असतो, तो पिकअपला दाबून टाकतो आणि आवाज मातकट होतो. बूस्टर दोन कामं करतो, पुढच्या टप्प्याला जोराने ढकलतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सी आधीच कापतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा गाभा चिखलात न जाता गातो. साठच्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टरचं सर्किट पुरेसं आहे: एक जर्मेनियम पीएनपी, बेसला ४७० के आणि ६८ के, एमिटरला ३.९ के आणि ४७ मायक्रोफॅरड, आत येताना ५ नॅनोफॅरड. बूस्टरचीही जमीन धनाची, म्हणून तो याच सेलवर चालवता येतो. व्हॉल्यूमचा खेळ गिटारच्या नॉबवर करा. ॲम्पवर व्हॉल्यूम नाही, तो लावूही नका.

स्पीकर बदला. पेटी बंद, आत कागदी कोनचा सहा-साडेसहा इंची जुना हाय-फाय स्पीकर, शक्य असेल तर सोबत छोटा ट्वीटर. गाडीचा स्पीकर जास्त वॅटसाठी कडक बनवलेला असतो, एका वॅटने तो जेमतेम हलतो.

एक शेवटचा धोका. या प्रकारच्या बऱ्याच सर्किटांत आउटपुटच्या सेकंडरीवरून मागच्या टप्प्याला फीडबॅकची तार जाते. नवा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर ॲम्प शिट्टी मारू लागला, तर घाबरू नका, सेकंडरीची टोकं उलटी झालेली आहेत. ती अदलाबदल करा. पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या मालिकेत ४७ ओम ठेवा, म्हणजे चूक असली तरी ट्रान्झिस्टर वाचतील.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी सेल आणि स्पीकर, मग आउटपुटचे दोन एसी १२८ आणि त्यांचा बायस, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, सर्वांत शेवटी ड्रायव्हर. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. ट्रान्सफॉर्मर हाती आला की टर्नचं प्रमाण, डीसीसह आणि डीसीशिवायचा इंडक्टन्स, आणि दुपारचा शांत प्रवाह एवढे आकडे कळवा. ड्रायव्हरचे टर्न किती ठेवायचे ते त्यावरून ठरवू.